जुन्या फिरत्या घरातील विजेचे दोष

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बनशंकरी नावाची मोठी वस्ती आहे. कनकपुरा मार्गावरील देवीच्या मंदिरावरून तिला हे नाव मिळाले. समजा, या वस्तीतील एका घराच्या फाटकाआत, झाडाच्या सावलीत, १९६४ साली बनविलेली फोक्सवॅगन कंपनीची एक बसगाडी उभी आहे. तिच्यात झोपण्याची फळी, लहानसा ओटा, पाण्याची टाकी व कपाटे आहेत. म्हणजे ती एक फिरते घरच आहे. जर्मनीत अशा गाड्यांचे उत्पादन १९५० साली सुरू झाले. पुढे युरोपातील अनेक तरुण त्यांत बसून तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तान या मार्गाने गोव्यापर्यंत येत. १९७९ च्या सुमारास इराणातील क्रांती व अफगाणिस्तानातील युद्ध यांमुळे तो मार्ग बंद पडला. आपल्याकडे पुण्याजवळच्या आकुर्डी येथे बजाज टेम्पो कंपनीने बनविलेली मॅटाडोर ही गाडीही जर्मन वंशाचीच होती. पुढे जे सांगितले आहे त्यातील बराचसा भाग तिलाही लागू पडतो.

या काल्पनिक गाडीची लक्षणे मात्र काल्पनिक नाहीत. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या प्रत्येकाला ती परिचित असतात. पुढचे दिवे पिवळट व मंद जळतात. किल्ली फिरविली असता कधी एंजिन फिरते, तर कधी नुसता 'टक्' असा आवाज होतो. गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी रिकामी होते. मालक नवी बॅटरी आणतो; पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच घडते. मग डायनामो बदलला जातो, त्यानंतर सेल्फ, म्हणजे एंजिन सुरू करणारी मोटर, बदलली जाते. पुष्कळ पैसे खर्च होतात व दोष जागच्या जागी राहतो. याचे कारण असे की, जुन्या गाडीतील विजेचा दोष बहुधा यंत्रात नसतो. तो दोन यंत्रांमधील सांध्यात असतो, आणि सांधा कोणी विकत आणीत नाही.

परतीची वाट

विजेचा प्रवाह वाहण्यासाठी जाण्याची व परत येण्याची अशा दोन्ही वाटा लागतात, हे शाळेतील विद्यार्थ्यासही ठाऊक असते. घरातील दिव्याला म्हणूनच दोन तारा असतात. मोटारगाडीत मात्र बहुतेक ठिकाणी एकच तार दिसते. दुसऱ्या तारेचे काम गाडीचा लोखंडी सांगाडा करतो. बॅटरीचे एक टोक जाड पट्टीने सांगाड्यास जोडलेले असते. दिव्याची एक बाजूही सांगाड्यास टेकलेली असते. कारागीर या जोडाला 'अर्थ' म्हणतात. जमिनीशी त्याचा काहीही संबंध नाही, कारण गाडी रबरी चाकांवर उभी असते. तो शब्द केवळ रूढीने आला आहे.

या योजनेने तांब्याची बचत होते, परंतु साठ वर्षांनंतर तिची किंमत मोजावी लागते. सांगाडा लोखंडाचा आहे आणि लोखंड गंजते. बंगळूरची हवा सौम्य म्हणून प्रसिद्ध असली तरी तेथे पाऊस मे महिन्यात एकदा जोर करतो व सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा करतो. झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीच्या सांध्यांत ओली पाने व धूळ साचून राहते. स्क्रूखालच्या रंगाखाली गंजाचा पातळ थर चढतो, तांब्याच्या कडीवर हिरवट क्षार जमतो आणि वरून सर्व काही घट्ट दिसते. गंज हा विजेचा फार वाईट वाहक आहे. प्रवाह पूर्ण थांबत नाही. त्याला अडथळा मात्र होतो. या अडथळ्यालाच शास्त्रात रोध म्हणतात, आणि तो ओहम या एककात मोजतात.

रोध किती थोडा असला तरी बाधतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. या गाडीची बॅटरी ६ व्होल्टची आहे. फोक्सवॅगनच्या बसगाड्यांत १९६६ पर्यंत सर्वसाधारणपणे हाच दाब असे. पुढचा दिवा ४५ वॉटचा धरला तर त्यातून साडेसात ॲम्पिअर प्रवाह जातो, म्हणजे जळत्या दिव्याच्या तंतूचा रोध ०.८ ओहम भरतो. आता अर्थच्या सांध्यात केवळ ०.१ ओहम रोध शिरला असे मानू. एकूण रोध ०.९ ओहम होईल, प्रवाह सुमारे ६.७ ॲम्पिअरवर उतरेल व दिव्याच्या वाट्याला ६ ऐवजी ५.३ व्होल्ट येतील. हे नुकसान क्षुल्लक वाटेल. परंतु तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही. तो त्याहून कितीतरी झपाट्याने कमी होतो. या हिशेबाने दिव्याचा प्रकाश सुमारे दोन-तृतीयांशच उरतो. (तंतू थोडा थंड झाला की त्याचा रोधही थोडा बदलतो, म्हणून हे आकडे स्थूलमानाचे समजावेत.) तोच ४५ वॉटचा दिवा व तोच वाईट सांधा १२ व्होल्टच्या गाडीत असता, तर नऊ-दशांश प्रकाश टिकून राहिला असता. सहा व्होल्टच्या गाड्यांची जी अपकीर्ती झाली आहे, तिचे मूळ येथे आहे. सारी व्यवस्था बारा व्होल्टची करून टाकावी, असा सल्ला अशा मालकास हमखास मिळतो. त्याने वाईट सांधा झाकला जातो, सुधारत नाही.

सेल्फच्या बाबतीत हाच हिशेब अधिक कठोर होतो. एंजिन फिरविताना ही मोटर २०० ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह ओढू शकते. तेथे ०.०१ ओहमचा सांधाही २ व्होल्ट खातो, म्हणजे सहापैकी एक-तृतीयांश. शिवाय त्या सांध्यावर ४०० वॉट उष्णता निर्माण होते. म्हणूनच दोन-तीनदा किल्ली फिरविल्यावर बॅटरीच्या टोकांवरील पकडींना व अर्थच्या पट्टीला बोटाने हलकेच चाचपून पाहणे, ही कारागिरांची जुनी परीक्षा शास्त्रशुद्ध आहे. जो सांधा तापला, तोच दोषी.

भार असतानाच मोजावे

येथे एक चूक वारंवार होते. दिव्याची तार सोडवून तिच्या टोकाशी दाबमापक लावला जातो. काटा पूर्ण सहा व्होल्ट दाखवितो. त्यावरून तार व सांधे निर्दोष ठरविले जातात. वस्तुतः या परीक्षेने काहीच सिद्ध होत नाही. दाबमापकातून जवळजवळ प्रवाहच जात नाही, आणि प्रवाह नसेल तर वाईट सांधाही दाब खात नाही. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला तर पाण्याचा जोर पूर्ण भासतो. नळी गाळाने अर्धी तुंबली आहे हे अंगठा काढल्यावरच कळते.

तेव्हा दिवा जोडलेला व जळत असतानाच मोजमाप करावे. दाबमापकाची एक सुई बॅटरीच्या धन टोकावर ठेवावी व दुसरी दिव्याच्या धन बाजूस टेकवावी. दोन्ही ठिकाणे एकाच तारेने जोडलेली असल्यामुळे आदर्श स्थितीत काटा शून्याजवळ राहील. तो जे काही दाखवील, तेवढा दाब जाण्याच्या वाटेवर वाया जात आहे. नंतर बॅटरीचे ऋण टोक व दिव्याची अर्थची बाजू यांच्यामध्ये तसेच मोजावे. ती परतीच्या वाटेवरील तूट होय. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टहून अधिक तूट आली तर सहा व्होल्टच्या गाडीत शोध घेणे प्राप्त आहे. पुढे सुई एकेक सांधा ओलांडीत बॅटरीकडे सरकवीत न्यावी: दिव्याची बैठक, बटण, फ्यूजची पेटी, किल्लीचे कुलूप. ज्या सांध्याच्या अलीकडे व पलीकडे आकडा एकाएकी बदलतो, तेथे थांबावे. असा शोध एका तासात पुरा होतो.

दोषी सांधा सापडल्यावर करावयाचे काम अगदी साधे आहे. सांधा उघडून धातू चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासावा, कडीखालचा रंग तेवढ्या जागी काढून टाकावा, स्क्रू घट्ट आवळावा आणि मग वरून व्हॅसलीनचा लेप द्यावा. लेप आधी आणि आवळणे नंतर असा क्रम ठेवू नये. तारेच्या टोकाची कडी कुजलेली असेल तर ती बदलावी. बंगळूरात जे. सी. रोडवरील मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांत असा माल मिळतो. बॅटरी सोडविताना अर्थची पकड प्रथम काढावी व लावताना ती शेवटी लावावी. याचे कारण असे की, दुसऱ्या टोकावर काम करणारा पाना चुकून सांगाड्याला टेकला तरी मग मंडल पूर्ण होत नाही व ठिणगी उडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, आणि या जातीच्या गाडीत बॅटरी एंजिनालगत, पेट्रोलच्या टाकीपासून फार दूर नसते. तेथे एक ठिणगीही पुरेशी आहे.

बॅटरी रिकामी का होते

शिसे व गंधकाम्ल यांच्या बॅटरीचा शोध फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते याने १८५९ साली लावला. तिच्या प्रत्येक घटाचा दाब पूर्ण भरलेला असताना २.१ व्होल्टच्या किंचित वर असतो. म्हणून सहा व्होल्टची बॅटरी विसावलेल्या स्थितीत ६.३ व्होल्टच्या वर व बारा व्होल्टची १२.६ च्या वर दाखविते. बारा व्होल्टच्या बॅटरीचा आकडा १२.२ वर आला की ती जवळजवळ अर्धी रिकामी झालेली असते. इतक्या थोड्या फरकात इतका मोठा अर्थ सामावलेला असल्यामुळे साधा काट्याचा मापक येथे कुचकामी ठरतो. आकडे दाखविणारा मापक घ्यावा.

उभ्या गाडीत बॅटरी रिकामी होत असेल तर कोठेतरी प्रवाह पाझरत असतो. अर्थची पकड काढून पकड व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये सहा व्होल्टचा एक लहान दिवा जोडावा. किल्ली बंद व सर्व बटणे बंद असताना दिवा लागला नाही तर उत्तम. तो लालसर जरी झाला, तरी फ्यूज एकेक करून काढावेत. जो काढताच दिवा विझतो, त्याच्या मंडलात गळती आहे. कपाटातील दार बंद केल्यावरही न विझणारा दिवा, पाण्याच्या पंपाचे चिकटलेले बटण, उंदरांनी कुरतडलेल्या तारेचे आवरण, ही नेहमीची कारणे. अर्धा ॲम्पिअर गळती म्हणजे दिवसाला बारा ॲम्पिअर-तास. ७० ॲम्पिअर-तासांची बॅटरी सहा दिवसांत संपते, आणि सेल्फ त्यापूर्वीच हार मानतो.

गळती नसतानाही बॅटरी भरत नसेल तर बोट डायनामोकडे दाखविले जाते. या प्रश्नाचा एक भाग यंत्राशी नव्हे, रस्त्याशी निगडित आहे. अलीकडच्या गाड्यांत असणारा अल्टरनेटर एंजिन मंद फिरत असतानाही बऱ्यापैकी वीज देतो. जुना डायनामो तशी देत नाही. एंजिनाने काहीसा वेग घेतल्यावरच त्याचा दाब बॅटरीहून वर जातो. संध्याकाळी बनशंकरी बसस्थानकाजवळच्या गर्दीत ही गाडी तासभर रखडली तर तिचे दिवे व मागचे लाल दिवे मिळून सुमारे १५ ॲम्पिअर प्रवाह घेत असतात आणि तो बहुतांश बॅटरीतूनच येतो. एका तासात बॅटरीचा पाचवा हिस्सा खर्ची पडतो. ही गाडी ज्या काळी घडविली गेली, त्या काळच्या मोकळ्या रस्त्यांचा हिशेब तिच्या डायनामोत आहे. अशा गाडीला आठवड्यातून एकदा लांब पल्ल्याची फेरी द्यावी किंवा घरी चार्जर लावावा. डायनामो बदलून उपयोग नाही.

डायनामोच्या जोडीला कटआउट नावाचे एक लहान चुंबकीय बटण असते. डायनामोचा दाब बॅटरीहून अधिक झाला की ते जोडले जाते व कमी झाला की सुटते. त्याची टोके जळून चिकटली तर एंजिन बंद झाल्यावरही मार्ग खुला राहतो. मग बॅटरीच डायनामोला मोटरीप्रमाणे फिरवू पाहते. पट्ट्यामुळे तो फिरू शकत नाही, तापतो व त्याची वेटोळी जळतात. एंजिन बंद केल्यावर डायनामो ऊन होत जात असेल तर विलंब न करता अर्थची पकड काढावी. याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगणे योग्य होईल. डायनामोच्या लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर त्याचे सारे कार्य अवलंबून असते. बॅटरी चुकून उलटी जोडली गेली असेल, तर ते चुंबकत्व उलट होते. ते सुलट करण्याची रीत जर्मन व ब्रिटिश बनावटीच्या डायनामोंत वेगवेगळी आहे. गाडीच्या पुस्तिकेत पाहिल्याखेरीज ती करू नये.

तपकिरी तार

भारतातील जुन्या गाड्यांत दोन परंपरा एकत्र नांदल्या. अँबॅसडर ही इंग्लंडच्या मॉरिस गाडीची वंशज. फोक्सवॅगन व मॅटाडोर जर्मन. दोन्ही देशांनी तारांना रंग नेमून दिले होते, पण ते रंग जुळत नाहीत. जर्मन पद्धतीत तपकिरी तार म्हणजे अर्थ. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी तार म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, कायम जिवंत असलेली मुख्य तार. तेथे अर्थची तार काळी असते. उलट जर्मन गाडीत काळी तार किल्ली फिरविल्यावर जिवंत होते व लाल तार बॅटरीची असते. ब्रिटिश गाड्यांवर आयुष्य घालविलेल्या एखाद्या निष्णात कारागिराने जर्मन गाडीतील काळी तार विश्वासाने सांगाड्याला जोडली, तर किल्ली फिरविताच काय होईल हे सांगावयास नको. भरीस भर म्हणजे इंग्लंडमधील पुष्कळ गाड्यांत साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडीत. जर्मन गाडीत ऋण टोक जोडलेले असते. म्हणून रंगावर विश्वास ठेवू नये. जर्मन गाड्यांत जोडणीच्या टोकांवर अंक कोरलेले असतात: ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे किल्लीनंतरची वीज, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फ. हे अंक रंगांपेक्षा भरवशाचे आहेत, कारण तारा बदलल्या जातात, कोरलेले अंक राहतात.

अशी चूक झाल्यास फ्यूजने रक्षण करावयाचे असते. फ्यूज हा यंत्राचा रक्षक आहे असे सर्वसाधारणपणे समजतात. वस्तुतः तो तारेचा रक्षक आहे. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या चार मीटर तांब्याच्या तारेचा रोध अवघा ०.०४६ ओहम असतो. ती सांगाड्याला टेकली तर सहा व्होल्टची 'निरुपद्रवी' बॅटरीसुद्धा तिच्यातून शंभराच्या आसपास ॲम्पिअर ढकलते व त्या तारेत विजेच्या लहान शेगडीइतकी उष्णता निर्माण होते. तारेचे आवरण काही क्षणांत पेटते. त्या तारेच्या भोवती फिरत्या घरात काय असते? प्लायवुडची भिंत, पडदे, गाद्या व गॅसची शेगडी. जळालेल्या फ्यूजवर चकाकता कागद गुंडाळून तो पुन्हा बसविण्याची खोड ज्याला असेल त्याने हा हिशेब स्वतः करून पाहावा. याच जातीच्या काही गाड्यांत मूळच्या रचनेतही अनेक तारा फ्यूजवाचून आहेत. बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज वाढविणे हा बदल जुनेपणाच्या अभिमान्यांनीही मान्य करावा असा आहे. पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या 'व्हिंटेज' नोंदणीसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केले. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिचा सांगाडा, साटा व एंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. एका फ्यूजने गाडीचे मूळ स्वरूप बिघडत नाही.

घराची वीज गाडीत

शिवनसमुद्र येथील जलविद्युत्‌केंद्राच्या विजेने बंगळूरचे रस्ते १९०५ साली उजळले. आज तेथील घराघरांत २३० व्होल्टची वीज आहे, आणि फाटकाआत उभ्या असलेल्या फिरत्या घरात पंखा व शीतकपाट चालविण्यासाठी खिडकीतून एक लांब तार टाकणे सोयीचे वाटते. येथपर्यंतच्या विवेचनात धोका आगीचा होता; येथे तो थेट प्राणांचा आहे.

ही तार पुष्कळदा दोनपदरी असते. तिच्यात जमिनीशी जोडणारी तिसरी तार नसते. शीतकपाटातील आवरण झिजून जिवंत तार गाडीच्या पत्र्याला टेकली, तर संपूर्ण गाडी २३० व्होल्टवर चढते, आणि रबरी चाकांमुळे ती वीज जमिनीत जाऊ शकत नाही. फ्यूज जळत नाही, दिवे नेहमीसारखे लागतात, गाडीतील माणसांना काहीही जाणवत नाही. ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून जो दाराच्या मुठीला हात लावतो, त्याच्या शरीरातून मंडल पूर्ण होते. सांगाड्याला बॅटरीचा 'अर्थ' जोडलेला आहे, या समजुतीने येथे कोणी निर्धास्त होऊ नये. त्या अर्थाचा व जमिनीचा संबंध नाही, हे आरंभी सांगितलेच आहे.

यावर उपाय ठरलेला आहे. तार तीनपदरी असावी व तिची अर्थची तार गाडीच्या सांगाड्यास पक्की जोडलेली असावी. गाडीत वीज शिरते तेथे ३० मिलिॲम्पिअरला सुटणारा आरसीसीबी बसवावा. जाणारा व परत येणारा प्रवाह यांत एवढा फरक पडताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. २३० व्होल्टच्या तारा व बॅटरीच्या तारा एकाच नळीतून नेऊ नयेत, आणि आधी वर्णिलेली सुई सरकविण्याची रीत या भागात वापरू नये. ते काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाचे आहे.

पंखा, दिवे व पंप यांसाठी वेगळी बॅटरी ठेवण्याची प्रथा चांगली आहे. मात्र ती मूळ बॅटरीशी कायमची जोडलेली नसावी. दोघींच्या मध्ये असा रिले असावा, की जो डायनामो वीज देत असतानाच जोडला जाईल. असा रिले अनेक जुन्या गाड्यांत नंतरच्या कोणीतरी बसविलेला असतो व त्याची अर्थची तार बहुधा एखाद्या फळीच्या स्क्रूला अडकविलेली आढळते. लाकडातून वीज वाहत नाही. स्क्रूचे टोक फळीपलीकडच्या पत्र्याला जेमतेम टेकलेले असते, तेवढ्यावर तो रिले काही वर्षे चालतो, आणि मग एका पावसाळ्यानंतर चालेनासा होतो.